फोर्ट मॅक्लाउड की फोर्ट वॉल्श?

कॅनडातल्या कॅल्गरीत राहणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, लाँग वीकेंडला मुलांना जुना पोलीस किल्ला दाखवायचाय, कुठला बघू? तर ऐक.

अंतर: मॅक्लाउड दोन तासांच्या आत, सकाळी निघून रात्री घरी. वॉल्श शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात, मेपल क्रीक गावाच्या पुढे अजून पन्नासेक किमी, म्हणजे मुक्काम धरूनच चल.

बघायला काय: मॅक्लाउड १८७४ ला नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी (कॅनडाचं तेव्हाचं घोडेस्वार पोलीस दल) ओल्डमन नदीतल्या बेटावर वसवलं, व्हिस्कीचा धंदा मोडायला, पण पुराचा त्रास म्हणून १८८४ ला जागा हलवली आणि त्याच्याभोवती गाव वाढलं ते अजून नांदतंय. मेन स्ट्रीटवर जुन्या विटांच्या इमारती, १९१२ चं एम्प्रेस थिएटर. किल्ला मात्र नंतर बांधलेली प्रतिकृती आहे, हे मुलांना आधीच सांग. हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप, म्हणजे मूळनिवासी लोक रानगव्यांचे कळप हाकलून शिकार करायचे तो कडा, जवळच, ते चुकवू नकोस, माझ्या मते किल्ल्यापेक्षा तेच भारी.

वॉल्श १८७५ चं. १८७६ च्या लिटल बिगहॉर्न लढाईत अमेरिकी सैन्य हरल्यानंतर लाकोटा लोकांचा नेता सिटिंग बुल कॅनडात आला, तेव्हा त्याच्याशी बोलणी करणारे मेजर वॉल्श इथलेच. १८८३ ला किल्ला मोडला, गावही उठलं. आता फक्त टेकड्या आणि पुन्हा उभारलेल्या इमारती, तेही उन्हाळ्यातच.

जेवणखाण: मॅक्लाउडला गावातच मिळेल, वॉल्शला डबा ने.

मुलं लहान असतील तर डोळे झाकून मॅक्लाउड, फक्त वारा भयंकर, टोप्या सांभाळा. इतिहासाचं वेड असेल आणि दोन दिवस हाताशी असतील तर वॉल्श.