दगड गार पडतात: हॉट स्टोन आणि ग्वाशा, नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या शनिवारी स्पाच्या काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरून नजर न हलवता सांगितलं की तुमचं पॅकेज संपलंय. सेशन्स संपली नव्हती, मुदत संपली होती. दहातली चार शिल्लक. जीएसटी धरून 980 डॉलर भरलेले, म्हणजे 392 डॉलर पाण्यात. मान मोकळी करून घ्यायला गेलो होतो, ती तिथे उभ्या उभ्या पुन्हा धरली. त्या तिरमिरीत हे लिहायला घेतलं. मधे मंगळवारी त्यांचा फोन आला आणि गुरुवारी आणखी एक सेशन झालं, त्यामुळे पुढे माझं मत फिरलेलं दिसेल. आधी लिहिलेलं खोडलेलं नाही.

मी सिंगापुरात अकरा वर्षं, बँकेच्या आयटीत. समोर दोन मॉनिटर आणि डोक्यावर एसीचा झोत. डाव्या कानामागून खांद्यापर्यंत एक दोरी ताणून बांधल्यासारखी. फिजिओ झाला, तीन उशा बदलून झाल्या. मग ऑफिसजवळच्या एका स्पामध्ये 75 मिनिटांचं कॉम्बो घेतलं: पाऊण तास हॉट स्टोन म्हणजे गरम दगडांचा मसाज, वीस मिनिटं ग्वाशा म्हणजे तेल लावून पट्टीने कातडी खरवडायची चिनी पद्धत, उरलेला वेळ कपडे बदलणं आणि आल्याचा चहा.

आधी दगड, कारण माझं खरं वाकडं त्यांच्याशी आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलवर सहा दगड मांडतात आणि दोन दगड तेल लावून हातात घेऊन फिरवतात. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. दहाव्या मिनिटाला ते कोमट झालेले कळतात. पंधराव्या मिनिटाला पाठीवर नुसते दगड असतात. पाऊण तासात मांडलेले दगड दोनदा बदलले जातात, म्हणजे हिशेब करा, मी किती वेळ गरम दगडांचे पैसे देऊन गार दगडांखाली पडून असतो.

माझी खात्री होईना म्हणून 69 डॉलरचा घरगुती सेट मागवला. अठरा दगड, साधारण तीन किलो, सोबत हीटर. स्वयंपाकघरातलं इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलं आणि बायकोला कामाला लावलं. पाण्यातून काढला तेव्हा मोठा दगड 52 अंश. पुसून, टॉवेलवरून पाठीवर ठेवल्यावर पाच मिनिटांनी 46, दहा मिनिटांनी 42, पंधराव्या मिनिटाला 39. तीन वेळा मोजलं, एकदोन अंशांचाच फरक. चौथ्यांदा मोजायला बायकोने नकार दिला.

स्पाच्या माहितीपत्रकात लिहिलंय की बेसाल्ट 'खूप वेळ उष्णता धरून ठेवतो'. लाकडाच्या तुलनेत धरत असेल. पाण्याच्या तुलनेत एक किलो बेसाल्टमध्ये एका अंशामागे जेमतेम पाचवा हिस्सा उष्णता मावते. दगड जड, त्यामुळे किलोला किलो लावू नका, आकारमानाला आकारमान लावा असं कोणी म्हणेल. तरी पाणीच पुढे. अकरा डॉलरची रबरी पिशवी तासभर गरम राहते आणि तिला कोणी 'थेरपी' म्हणत नाही. त्याच पत्रकात ही पद्धत प्राचीन असल्याचंही छापलंय. चीनमध्ये उपचारासाठी दगड वापरायची रीत जुनी आहे, ते खरं. पण तेलात घोळवलेले गरम बेसाल्ट फिरवायची ही आजची स्पाची पद्धत 1993 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात, टूसॉनच्या मेरी नेल्सन यांनी 'लास्टोन' नावाने बांधली. ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे.

आणि बेसाल्टचं कौतुक आम्हाला कोणी सांगावं? अख्खा सह्याद्री त्याचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. साताऱ्याच्या आमच्या घराचं जोतं याच काळ्या दगडाचं. वैशाखातल्या दुपारी वाईच्या घाटावर अनवाणी उतरून बघा, हॉट स्टोन फुकट.

घरच्या सेटचा हीटर चौथ्या महिन्यात गेला. तेव्हापासून दगड राइस कुकरमध्ये 'वॉर्म'वर ठेवत होतो. कोणी हा प्रयोग करणार असाल तर सावध: आमच्या कुकरात पाणी 65 अंशांच्या पुढे जातं. तसा दगड थेट पाठीवर आला तर फोड येईल. आणि घरात कुकर वेगळा ठेवावा लागेल, कारण भाताला निलगिरीचा वास येतो.

आता ग्वाशा. याबद्दल मला काहीच अपेक्षा नव्हती. पॅकेजमध्ये होतं म्हणून करून घेतलं.

ते करणारी बाई मलेशियातल्या इपोहची, साठीच्या आसपासची, सगळे तिला आंटीच म्हणायचे. मानेला तेल लावून म्हशीच्या शिंगाची चपटी पट्टी थोडी कलती धरायची आणि केसांच्या रेषेपासून खाली, मग खांद्यावरून बाहेर ओढायची. एकाच दिशेने. मागेपुढे घासायचं नाही. खरवडल्याचा कोरडा आवाज कानामागेच येतो, तव्यावरचं करपलेलं काढताना येतो तसा. आठ-दहा ओढींनंतर चरचरायला लागतं. तिने माझ्याच फोनवर फोटो काढून दाखवला तेव्हा मी दचकलो. मानेवर लाल रवा सांडल्यासारखा दिसत होता. 'शा' म्हणजे हाच रवा. चिनी अक्षरात आजाराच्या चिन्हाच्या पोटात वाळूचं अक्षर बसवलेलं आहे, हे नंतर एका सहकाऱ्याने कागदावर काढून दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कातडीखालच्या केशवाहिन्यांतून थोडं रक्त झिरपतं. म्हणजे तो वळच असतो, फक्त मागून घेतलेला.

त्या रात्री मी डाव्या कुशीवर झोपलो. कित्येक महिन्यांनी. सकाळी गाडी मागे घेताना मान पूर्ण वळली आणि मी दोनदा वळवून बघितली.

परिणाम किती टिकतो? माझ्या बाबतीत आठ ते दहा दिवस. डाग चार-पाच दिवसांत जातात, आधी जांभळे, मग पिवळट. दुसऱ्या सेशननंतर तिसऱ्याच दिवशी मी सार्वजनिक तलावावर पोहायला गेलो. भारतात असतो तर कोणीतरी हळूच विचारलं असतं, घरी सगळं ठीक आहे ना? इथे बदलायच्या खोलीत सत्तरीचे एक आजोबा माझ्याभोवती अर्धी चक्कर मारून आले, आंबा निवडावा तसे डाग पाहिले आणि खूश होऊन म्हणाले, "वा, सो डार्क! प्लेंटी विंड, अह?" त्यांच्या हिशेबात डाग जितका काळपट तितका आत अडकलेला वारा जास्त. मग त्यांनी मला ओल्या अंगाने पंख्याखाली उभं राहिल्याबद्दल झापलं. माझा सुरबायाचा सहकारी सांगतो की त्यांच्याकडे सर्दी-अंगदुखी म्हणजे वारा शिरला, आणि आई नाणं आणि तेल घेऊन पाठ खरवडते, त्याला ते 'करोकान' म्हणतात. व्हिएतनामींच्या शब्दाचा अर्थच 'वारा खरवडणं'. सगळीकडे वारा आत शिरतो. आपल्याकडे उसण भरते.

वाऱ्यावर माझा विश्वास नाही, मानेवर आहे. म्हणून थोडं शोधलं. जर्मनीत दीर्घकाळ मान दुखणाऱ्या 48 जणांवर केलेला एक प्रयोग 2011 मध्ये छापून आला. निम्म्यांना एकदा ग्वाशा, निम्म्यांना गरम पॅडचा शेक. आठवड्याने ग्वाशावाल्यांचं दुखणं जास्त उतरलेलं होतं. आपली पाठ खरवडली की शेकली हे कोणापासून लपवता येत नाही, तेव्हा त्यात मनाचा वाटा किती हे सांगणं अवघड, आणि आठवड्याच्या पलीकडचं त्यावरून काही बोलता येत नाही. पण ज्याने मुळात दगड आणि शेकाची पिशवी यांची तुलना करण्यात दोन रविवार घालवले, त्याला हे वाचून काय वाटलं असेल! म्हणजे पॅकेजमधला जो भाग मला फुकट वाटत होता तोच कामाचा आणि ज्याचे पैसे लावले तो शेक.

आईला व्हिडिओ कॉलवर पाठ दाखवली. तिने चष्मा लावला, काढला. "हजार डॉलर देऊन पाठ खरवडून घेतलीस? लहानपणी न्हाणीत वजरी घेतली की बोंबलत पळायचास."

आता भांडण. पावतीवर स्पष्ट छापलंय, 12 महिने. काउंटरवरची मुलगी म्हणते, ते नेहमीच्या पॅकेजला, तुमचं प्रमोशनचं, त्याला सहा. मग सातव्या आणि आठव्या महिन्यात मला सेशन कसं दिलंत? त्यावर तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने सिस्टीमकडे बोट दाखवलं आणि वर आणखी पाच सेशन्सचा 'टॉप-अप' घेतला तर जुनी चार जिवंत करून देतो म्हणाला. म्हणजे माझेच पैसे सोडवायला मीच पैसे भरायचे. मी आवाज चढवला नाही. पावतीचा फोटो ईमेलला जोडला आणि लिहिलं की स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, माझ्या रकमेचा अर्ज करायला दहा डॉलर लागतात, वकील चालत नाही आणि माझ्याकडे रजा भरपूर आहे. इथे राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: पावती जपा, आणि पॅकेज घ्यायचंच असेल तर केसट्रस्टचं (इथल्या ग्राहक संघटनेच्या मान्यतेचं) चिन्ह असलेल्या स्पामध्ये घ्या, तिथे पाच दिवसांत मन बदललं तर पैसे परत मागता येतात. मी हे पैसे भरल्यावर वाचलं.

मंगळवारी फोन आला. चारही सेशन्स तीन महिने चालतील. सॉरी वगैरे काही नाही, 'गुडविल जेश्चर' म्हणे. आणि हो, आंटी नोकरी सोडून इपोहला परत गेली.

गुरुवारी गेलो. नवीन मुलगा, पंचविशीचा, नम्र, अंगावर इस्त्रीचा कोट. मी सुरुवातीलाच सांगितलं, दगड गार पडतात, जरा बघा. त्याने इतकं मनावर घेतलं की दर पाच मिनिटांनी दगड बदलले. पाऊण तास एकही दगड कोमट होऊ दिला नाही. नऊ महिने मी ज्याच्यासाठी कुरकुरत होतो ते अखेर मिळालं, आणि उठलो तेव्हा मान जशीच्या तशी. तो दगड नुसते मांडत होता, उचलत होता, पुसत होता. आंटी गार पडलेला दगड हातातून सोडायची नाही, कारण ती तो शेकायला वापरतच नव्हती. त्याची कड खांद्याच्या पात्याखाली रुतवून, अंगाचं वजन टाकून ती एक गाठ तीन-तीन मिनिटं धरून बसायची. ते काम रबरी पिशवीचं नाही, हे मान्य करतो. वर पिशवीबद्दल लिहिलंय ते शेकापुरतं खरं धरा. तरीही तिने पाठीवरचे सहा दगड वेळेवर बदलले असते तर तिचं काय जात होतं, हे मला अजून कळत नाही.

त्या मुलाचा ग्वाशाही तसाच. पट्टी अशी फिरवली की डागसुद्धा उठले नाहीत. इन्स्टाग्रामवर चेहऱ्यावर जेडची पट्टी फिरवतात त्या जातीचं काम.

म्हणून शनिवारी चायनाटाऊनमध्ये पीपल्स पार्क कॉम्प्लेक्सजवळच्या एका चिनी वैद्याकडे गेलो. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. फक्त ग्वाशाचे 35 डॉलर. मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांनाही सोबत नेलं होतं, त्यांचा खांदा दुखतो. वैद्यबुवांनी त्यांची जीभ बघितली, नाडी बघितली, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आहेत म्हटल्यावर मान हलवली, "नो ग्वाशा," आणि पैसेही घेतले नाहीत. स्पाच्या फॉर्मवर माझा वाढदिवस विचारला होता, गोळ्या नाहीत. मधुमेहही नाही, आणि मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला गरम दगड म्हणजे भाजल्याचं कळणारसुद्धा नाही.

माझं काम वैद्यबुवांनी बारा मिनिटांत उरकलं. हात आंटीइतकाच जड. पट्टी उकळत्या पाण्यातून काढून माझ्यासमोर पुसली, तेही आवडलं, कारण रक्त कातडीपर्यंत आणायचं काम आहे, पट्टी कोणाच्या पाठीवरून आली हे कळायला हवं. निघताना दोन सूचना: आज गार पाण्याची अंघोळ नको, बर्फ घातलेलं काही नको. सासऱ्यांनी लगेच बाहेर येऊन उसाचा रस घेतला, बर्फ घालून. त्यांना बंधन नव्हतं.

मधल्या दिवसांसाठी बायकोने सूप प्यायचा चिनी मातीचा चमचा हाती घेतलाय. गुळगुळीत कडेचा, दीड डॉलरचा. खोबरेल लावून हलक्या हाताने. डाग उठत नाहीत, पण रविवारी रात्री बरं वाटतं. राग आलेला असला की तिचा हात आंटीसारखा बसतो, पण ते मागून मिळत नाही.

स्पाची तीन सेशन्स उरलीत. हॉट स्टोन नको, सगळा वेळ ग्वाशाच द्या म्हटलं, तर सिस्टीममध्ये बसत नाही म्हणाले. त्यामुळे तीन वेळा जाऊन दगडांखाली झोप काढणार आहे, एसी चांगला आहे.

घरचा सेट विकायचा आहे. अठरा दगड, एकही टवका उडालेला नाही. हीटर बंद, तो फुकट. 25 डॉलर, कॅरोसेल या जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर 30 लावलेत. घरी येऊन न्यायचा, तीन किलो घेऊन मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, कुठेही येणार नाही. राइस कुकर मागू नका.