डिशच्या नेटमागं राऊटर लावलाय? सारखं कनेक्शन जात असेल तर आधी हे वाचा (उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढल्यानंतरचा अनुभव)

आधीच सांगून टाकतो, उपग्रहाचं नेट वाईट नाही, मी तर काढणार नाही. खरं त्याच्या मागं आपण जो राऊटर लावतो तो फायबरच्या सवयीचा असतोय, निम्मी डोकेदुखी तोच करतोय आणि नाव उपग्रहाचं खराब होतंय. आमच्याकडं बरेच महिने हेच चाललेलं.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या अंगाला, मलप्रभेचा उगम आहे त्या बाजूला. वाडीत फायबर नाही, मोबाईलला रेंज पाहिजे तर अंगणाच्या एका कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. माझं काम बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना पॅटर्नची ड्रॉइंग करून द्यायचं, फाईली मोठ्या असतात, बायको संध्याकाळी ऑनलाइन ट्यूशन घेते, त्यामुळं शेवटी डिश बसवली. ती ज्या उपग्रहाकडं बघते तो जीसॅट-११, ५,८५४ किलोचा, डिसेंबर २०१८ मध्ये फ्रेंच गयानाहून सोडलेला, ७४ अंश पूर्व रेखांशावर असतोय. आपला भागपण त्याच रेखांशाच्या आसपास, म्हणून डिशचं तोंड जवळजवळ थेट दक्षिणेला आणि चांगलंच वर, सत्तर अंशाच्या पुढं. याचा फायदा असा की फणस-आंब्याची झाडं लगेच आडवी येत नाहीत. मला वाटलेलं दोन-चार फांद्या तोडाव्या लागतील, काही लागलं नाही.

कंपनीचा मोडेम आला, त्याचं स्वतःचं वायफाय एका खोलीपुरतं, आमचं घर लांबडं, पुढं पडवी मागं गोठा, म्हणून बेळगावहून चांगला दोन बँडचा राऊटर आणला आणि मोडेमला जोडला. पहिले काही दिवस मस्त. मग सुरू झालं बगा. फोनवर वायफाय पूर्ण काड्या, शेजारी उद्गारचिन्ह, नेट नाही. अर्ध्या-एक मिनिटानं आपोआप परत. कधी येतच नाही, राऊटर बंद-चालू केला की येतंय. पोरगी वरून ओरडणार "पप्पा, परत गेलं!" आणि मी जिन्यावर.

कस्टमर केअरला फोन लावला की तिकडून एकच, "सर, मोडेम रिस्टार्ट करा". केला. परत फोन, "सर, तुमच्याकडं ढग आहेत का?" अहो मार्च महिना चाललाय, आभाळ निळंशार आहे. मग "सर, राऊटर तुमचा आहे, तो आमच्या सपोर्टमध्ये येत नाही". हे त्यांचं एका अर्थानं बरोबरच होतं म्हणा.

असा त्रास असेल तर पहिलं काम, राऊटर काढून लॅपटॉप थेट मोडेमला वायरनं जोडा आणि अख्खा दिवस तसंच काम करा. थेट जोडल्यावर जर जात नसेल तर डिश, केबल, उपग्रह सगळे सुटले, पुढं राऊटरवरच शोधायचं. आमचं थेट जोडल्यावर एकदापण गेलं नाही. दुसरं, राऊटर परत लावून लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडून तीन पिंग (हाक मारून उत्तर किती वेळात येतंय ते बघणं) सोडून ठेवायचे, एक राऊटरला, एक मोडेमला, एक बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला. नेट गेलं की बघायचं कुठला थांबला. पहिलाच थांबला तर वायफायचा किंवा लॅन वायरचा (लॅपटॉप ते राऊटर) घोळ. पहिला चालू आणि दुसरा-तिसरा दोन्ही बंद तर राऊटर आणि मोडेमच्या मधलं काहीतरी. फक्त तिसरा बंद तर वरचं, म्हणजे मोडेमच्या पुढचं. आमच्याकडं दुसरा-तिसरा एकदम थांबायचे, आणि मोडेमचे दिवे मात्र सगळे जागच्या जागी. मधली वायर स्वस्त असतेय, ती आधीच बदलून बघा. आम्ही बदलली, फरक शून्य.

मग राऊटरचं सेटिंग पेज उघडून सिस्टीम लॉग, म्हणजे राऊटरची नोंदवही, बघितला. तिथं सरळ लिहिलेलं (वॅन म्हणजे राऊटरची मोडेमकडची, बाहेरच्या नेटची बाजू), वॅन डाऊन, वॅन अप, वॅन डाऊन, वॅन अप. आणि वेळा माझ्या कामाशी जुळवल्या तर मोठी फाईल अपलोडला टाकली की दोन-तीन मिनिटांत वॅन डाऊन! बायकोच्या ट्यूशनमध्ये ती स्क्रीन शेअर करायला लागली की तेच.

याचं कारण असं आहे. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर. आपलं पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) वर जाणार, तिथून खाली कंपनीच्या स्टेशनला, उत्तर परत वर आणि परत खाली, म्हणजे चार वेळा छत्तीस हजार, जवळपास १,४४,००० किमी, प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किमी, झाले की नाही ४८० मिलिसेकंद. हे कुणाच्या बापाला कमी करता येत नाही. वर मोडेमचा, स्टेशनचा वेळ धरून आमच्याकडं साधा पिंग साडेसहाशे-सातशे मिलिसेकंदचा येतोय. आणि अपलोडची लाईन भरली की पाकिटं मोडेममध्ये रांगेत उभी राहतात, तेव्हा तोच पिंग दीड-दोन सेकंदांवर जातोय. आता राऊटरमध्ये एक सोय असतेय, नेट चालू आहे का बघण्यासाठी तो मधून मधून बाहेर पिंग किंवा डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर विचारायचा) प्रश्न पाठवतो आणि उत्तर ठरलेल्या वेळेत आलं नाही की "नेट मेलं" असं ठरवून वॅन बंद करून मोडेमकडं नवीन ॲड्रेस (नेटवरचा आपला नंबर) मागायला लागतो. फायबरवर ही वेळ भरपूर झाली, तिथं पिंग पाच-दहा मिलिसेकंदचा. इथं उत्तर वाटेत असतंय आणि यानं तेराव्याची तयारी केलेली असतेय.

उपाय दोन मिनिटांचा. ॲडव्हान्स सेटिंगमध्ये वॅनखाली ऑनलाइन डिटेक्शन किंवा नेटवर्क मॉनिटरिंग असल्या नावाचं काहीतरी असतंय (कंपनीगणिक नाव वेगळं), ते बंद करा. बंद होत नसेल तर वेळ वाढवा, पाच सेकंद तरी. आणि क्यूओएसमध्ये (कुणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवायचं सेटिंग) जाऊन अपलोडला लगाम घाला, स्पीड टेस्टला जेवढं अपलोड येतंय त्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के. मग रांग मोडेमपर्यंत जातच नाही, राऊटरच थोडं थोडं सोडतो. हे केल्यावर कामाच्या मध्ये नेट जायचं जवळपास थांबलंच. फाईल जरा हळू जातेय, खरं जातेय.

राहिला दुसरा प्रकार, नेट गेलं की परत न येणारा, आणि याला लाइट कारणीभूत. आमच्याकडं लाइट जातेय असं नाही म्हणणार, ती डोळा मारतेय. दोन सेकंद गेली, आली. राऊटर मिनिटाभरात उठून बसतो, मोडेमला मात्र उपग्रह शोधून लॉक व्हायला चांगली पाच-सात मिनिटं लागतात. त्या मधल्या वेळात राऊटरनं ॲड्रेस मागितला की मोडेम त्याला आपल्यापुरता तात्पुरता ॲड्रेस देतो, आमच्याकडं १९२.१६८.१०० नं सुरू होणारा. पुढं मोडेमला उपग्रह मिळतो, बाकी सगळं व्यवस्थित, खरं राऊटर तोच जुना ॲड्रेस धरून बसतो. म्हणून नेट नसताना राऊटरच्या स्टेटस पेजवर वॅनचा ॲड्रेस काय दाखवतोय ते बघा, नेहमीपेक्षा वेगळा दिसला तर हाच रोग. तिथं रिलीज-रिन्यू बटण दाबलं की झालं, राऊटर बंद करायची गरज नाही. डीएचसीपी, म्हणजे आपोआप मिळणारा ॲड्रेस, किती वेळा मागायचा याचं सेटिंग असेल तर ॲग्रेसिव्ह वरून नॉर्मल करा, काही मोडेम सारख्या सारख्या मागण्या आल्या की उत्तर द्यायचंच सोडतात.

कायमचा उपाय म्हणजे दोघांना बॅकअप. बाजारात बारा व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात ते राऊटरला चालतात, मोडेमला चालतीलच असं नाही, त्याचा अडॅप्टर जास्त व्होल्टचा असू शकतोय, मागचं लेबल वाचून घ्या नाहीतर मोडेम जाईल. आम्ही दोन्ही घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, आमचा इन्व्हर्टर लाइटवरून बॅटरीवर जाताना झटका देत नाही. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर नाही त्यांनी लाइट आली की आधी मोडेम, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राऊटर, हा क्रम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आईला मी भिंतीवर लिहूनच दिलंय.

एक छोटी गोष्ट राहिली. मोडेम १९२.१६८.०.१ या ॲड्रेसवर आणि राऊटरपण तिथंच असेल तर दोघांची गल्लत होते, राऊटरचा लॅनचा (घरातल्या बाजूचा) ॲड्रेस बदलून १९२.१६८.५०.१ असं काहीतरी करा. डबल नॅट होतंय (मोडेम आणि राऊटर दोघंपण ॲड्रेस बदलून पुढं पाठवतात) म्हणून लोक घाबरवतात, रोजच्या वापराला काही फरक पडत नाही. बाहेरून घरचा कॅमेरा बघायचा असेल तरच अडचण, आणि ज्याला एवढं डोकं लावायचं नाही त्यानं राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावा, मग तो नुसतं वायफाय पसरवतो, ॲड्रेस वाटायचं काम मोडेमकडंच राहतंय.

आता जे राऊटरनं सुटत नाही ते. कणकुंबीचा पाऊस कसा असतोय ते वेगळं सांगायला नको. जुलैमध्ये जोराची सर आली की सिग्नल पडतो, सर कमी झाली की येतो, त्याला इलाज नाही. रिपरिप पावसात मात्र चालू राहतंय, हे मला अपेक्षित नव्हतं. डिशच्या केबलच्या कनेक्टरवर रबर टेप घट्ट गुंडाळून घ्या, नाहीतर पहिल्या पावसातच आत पाणी उतरतंय. वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की मी केबल काढून ठेवतो. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर संपताना दुपारी साडेबाराच्या आसपास काही मिनिटं नेट जातंय, असं थोडे दिवस सलग होतंय. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो आणि डिशला सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो. तेवढ्यात कुणी सेटिंग चिवडू नका, जेवायला बसा.

वापराचं म्हणाल तर मेल, ड्राइव्ह, बँक, यूपीआय, यूट्यूब निवांत. व्हिडिओ कॉल होतोय खरं दोघं एकदम बोलतात, समोरच्याचं संपेपर्यंत थांबायची सवय लागते. पोराच्या गेमला हे नेट नाही, त्यानं दोन दिवसांत नाद सोडला. व्हीपीएनचं (ऑफिसच्या नेटवर्कला कुलूपबंद रस्त्यानं जोडणं) मात्र वाईट. मोडेम स्वतः आतल्या आत टीसीपीला (पाकीट पोचल्याची पोच घेत डेटा पाठवायची पद्धत) वेग देत असतोय, पलीकडून पोच यायच्या आधीच लॅपटॉपला पोच देतो म्हणून लांबचा रस्ता जाणवत नाही. व्हीपीएन लावलं की सगळं कुलूपबंद, मोडेमला आत काय आहे दिसतच नाही, मग वेग धपकन पडतो. बेंगळूरच्या एका क्लायंटचं काम व्हीपीएनवर असतंय, ते मी बेळगावला भावाकडं बसून करतो.

डेटाला मर्यादा आहे, ती संपली की वेग कमी होतोय, त्यामुळं राऊटरवर पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवलंय आणि त्याला स्पीड बांधून दिलाय. गणपतीत पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की सगळ्यांचे फोन रात्री एकदम अपडेट घ्यायला लागतात. नवीन राऊटर घेणार असाल तर दुकानदाराला अँटेना किती ते विचारू नका. डिटेक्शन बंद करता येतंय का, अपलोड लिमिट घालता येतंय का आणि लॉग दिसतोय का, एवढं त्याच्यासमोरच सेटिंग पेज उघडून बघून घ्या. बेळगावात एका दुकानदारानं मला उघडून दाखवलं, बाकीचे अँटेनाच मोजत बसले.