पुठ्ठा, स्टायरिन आणि लाकूड: मॉडेल रेल्वेच्या इमारतींत काही महिन्यांनी काय टिकले

मॉडेल रेल्वेच्या इमारतींसाठी कोणते सामान घ्यावे, यावर मते भरपूर मिळतात, पण बहुतेक मते पाकीट फोडल्याबरोबर दिलेली असतात. पहिल्या दिवशी प्रत्येक पाते धारदार असते आणि प्रत्येक गोंद घट्ट धरतो. भिंत वाकते, कोपरा सुटतो, तावदान धुरकट होते ते पुढे, इमारत लेआउटवर, म्हणजे रूळ मांडलेल्या देखाव्यावर, बसून काही आठवडे गेल्यावर. म्हणून हा अनुभव मुद्दाम उशिरा लिहीत आहे. या महिन्यांत एचओ स्केलमध्ये सिग्नल केबिन, गुड्स शेड, पाण्याची टाकी आणि विटांचे एक छोटे स्टेशन झाले. एन स्केलमध्ये एक लोको शेड झाली. काही किटमधून, काही कोऱ्या शीटमधून.

आधी मापाचे बोलू, कारण सामानाची निवड तिथूनच सुरू होते. एचओ म्हणजे १:८७, म्हणजे खऱ्या एका फुटाला ३.५ मिमी. एन म्हणजे १:१६०. सव्वादोन मीटरचा दरवाजा एचओमध्ये सुमारे २६ मिमी होतो, एनमध्ये जेमतेम १४. याचा थेट परिणाम असा, की एचओमध्ये खिडकीच्या गजापट्ट्या स्वतः कापून लावणे शक्य आहे आणि त्यात मजाही आहे. एनमध्ये मात्र मी तयार ओतीव खिडक्याच वापरते.

सगळ्यात जास्त वापर झाला तो साध्या पांढऱ्या स्टायरिनचा, म्हणजे प्लास्टिकच्या शीटचा. एव्हरग्रीनच्या ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ मिमीच्या शीट आणि त्यांच्याच बारीक पट्ट्या एवढ्यावर जवळपास सगळे भागते. स्टायरिन कापायचे म्हणजे आरपार कापायचे नसते. पोलादी पट्टी घट्ट दाबून धरायची, ११ नंबरच्या पात्याने हलक्या हाताने एक रेघ ओढायची, मग त्याच रेघेत दुसरी थोडी जोर देऊन, आणि शीट टेबलाच्या कडेवर ठेवून वाकवायची. 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि कड सरळ तुटते. त्या कडेवर बोट फिरवले तर एक बारीक उंचवटा लागतो. पाते जाते तिथले प्लास्टिक दोन्ही बाजूंना वर ढकलले गेलेले असते. हा उंचवटा पाते आडवे धरून खरवडला नाही तर दोन भिंतींचा सांधा कधीच मिटत नाही आणि रंगाखालीही ती रेघ दिसत राहते. पाच सेकंदांचे काम आहे, पण इमारतीचा सगळा नीटनेटकेपणा त्यात आहे.

पात्याबद्दल माझे मत ठाम आहे: हँडल कोणतेही घ्या, पाती मात्र ठोक घ्या. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते पट्टीवर चढते, आणि मग एक तर भिंत जाते नाहीतर बोट. सरळ लांब रेघांसाठी तुटक पात्याचा कटर मला जास्त आवडतो. ओल्फाने ही तुटणाऱ्या पात्याची कल्पना १९५६ मध्ये आणली आणि आजही लांब शीटवर तिच्याइतकी सोय दुसऱ्या कशात नाही. टोक गेले की मोडायचे आणि पुढे चालायचे.

जोडणीसाठी तामियाचा हिरव्या टोपणाचा पातळ सिमेंट. हा गोंद नव्हेच; तो प्लास्टिकची कड विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. दोन भिंती गुण्याला टेकवून काटकोनात धरायच्या, टोपणातल्या कुंचल्याचे टोक आतल्या बाजूने सांध्याला नुसते टेकवायचे, की द्रव आपोआप सांध्यातून धावत जातो. कुंचला भिंतीवर फिरवायचा नाही, आणि बोट सांध्याच्या रेषेवर ठेवायचे नाही, नाहीतर द्रव बोटाखाली शिरतो आणि भिंतीवर ठसा कायमचा उमटतो. महिन्यांनंतर एकही सांधा सुटलेला नाही. वास उग्र आहे, खिडकी उघडीच ठेवावी लागते. रंगवलेल्या पृष्ठभागावर तो धरत नाही, तेव्हा जोडायच्या जागेवरचा रंग आधी खरवडून टाकायचा. लाकूड आणि धातूवर तर त्याचा उपयोगच नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले ती. नऊ इंची विटांची भिंत एचओमध्ये जाडीला सुमारे २.६ मिमी येते. एक मिमी शीटची भिंत उभी केली की खिडकीच्या कडेला ती कागदासारखी पातळ दिसते; बघणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही, पण इमारत खोटी वाटते. म्हणून दोन थर द्यावे लागतात: बाहेर विटांचा पोत असलेली शीट, आत साधी जाड शीट. मग खिडकी भिंतीत आत बसते, उंबऱ्याची सावली पडते आणि इमारतीला वजन येते. पण इथेच स्टायरिनचा खरा स्वभाव कळतो. दोन मोठ्या शीटमध्ये भरपूर सिमेंट ओतून त्या चिकटवल्या, की मधला द्रव बाहेर पडायला वाट नसते. तो आठवडेच्या आठवडे आत राहतो, प्लास्टिक मऊ ठेवतो आणि भिंत हळूहळू धनुष्य धरते. किटवाले हे सहसा सांगत नाहीत. उपाय सोपा आहे: आतल्या शीटला ठिकठिकाणी भोके पाडून ठेवायची, सिमेंट फक्त कडांना आणि त्या भोकांतून थेंबभर द्यायचा, आणि पाठीला चौरस पट्ट्यांचे आडवे-उभे टेके द्यायचे. सगळीकडून बंद असलेल्या इमारतीच्या तळालाही एक भोक हवे. अशा बांधणीच्या स्टेशनची सगळ्यात लांब भिंत पोलादी पट्टी लावून पाहिली तर आजही पट्टीखालून उजेड दिसत नाही.

लाकडात मी बॅसवुड हे बारीक पोताचे मऊ लाकूडच सुचवेन. बाल्सा हलके आणि कापायला सोपे आहे, पण त्याचे तंतू एवढे मोकळे की १:८७ मध्ये ते फळीसारखे न दिसता स्पंजासारखे दिसते. बॅसवुड तसे दिसत नाही, त्याच्या पट्ट्या स्केलच्या मापात मिळतात आणि गुड्स शेडच्या फळ्या, वासे, कैच्या यांना लाकूडच शोभते. लाकडाचा एक नियम मात्र पाळायलाच हवा: रंग आधी, गोंद नंतर. पांढरा गोंद सुकलेल्या जागी रंग मुरत नाही आणि तिथे फिकट डाग राहतो, तो नंतर कशाने जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इंडिया इंक या काळ्या शाईचे काही थेंब टाकून बाटली करून ठेवावी. पट्ट्या त्यात बुडवून कागदावर वाळवल्या की उन्हापावसाने करडे पडलेले लाकूड तयार. पाण्याऐवजी अल्कोहोल असल्याने पट्ट्या फारशा वाकतही नाहीत. मोठ्या लाकडी भिंतीवर पाण्याचा रंग एकाच बाजूने दिला तर ती वळणारच, म्हणून पाठही रंगवायची आणि टेके द्यायचे.

एकसारख्या लांबीच्या पट्ट्या कापायला नॉर्थवेस्ट शॉर्ट लाइनचे 'चॉपर' वापरले: एका पाटीवर तरफेला लावलेले पाते आणि लांबीसाठी सरकता अडसर. कुंपण, जिन्याच्या पायऱ्या, फलाटाच्या फळ्या यांना हे हत्यार फार उपयोगी पडते. सगळ्या पायऱ्या तंतोतंत सारख्या असल्या की जिना आपोआप सरळ उभा राहतो. वर्षातून एखादी इमारत बांधणाऱ्याने मात्र त्यात पैसे घालू नयेत. पट्टीवर खूण करून कापणे तेवढ्यासाठी पुरेसे आहे.

लेझरने कापलेल्या किटबद्दल माझे मत संमिश्र आहे. खिडक्यांची नाजूक जाळी हाताने कोणालाच इतकी सुबक कापता येणार नाही. भाग खाचांत बसतात आणि काटकोन फुकट मिळतो. पण जळलेली तपकिरी कड भिंतीच्या कोपऱ्यावर स्पष्ट दिसते, ती पॉलिश पेपरने घासून मग जोडावी. एका किटमधल्या चिकट पाठीच्या चौकटी काही महिन्यांत कोपऱ्यातून उचकटू लागल्या. आता अशा प्रत्येक चौकटीखाली सुईच्या टोकाने पांढऱ्या गोंदाचा ठिपका देते आणि त्या जागच्या हलत नाहीत.

आणि पुठ्ठा. पुठ्ठ्याला लोक नवशिक्यांचे साहित्य समजतात हे मला मुळीच पटत नाही. इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयात फुटाला ४ मिमी या मापातली खेडी आहेत, रॉय इंग्लंड यांनी सुरू केलेली. तिथली घरे पुठ्ठ्याची आहेत आणि जलरंगांनी रंगवलेली आहेत. त्यांच्यापुढे भले भले ओतीव प्लास्टिक फिके पडते. पुठ्ठा रंग पितो, त्यामुळे त्यावर चकाकी येत नाही. अट एवढीच की त्याला ओल लागू द्यायची नाही: कडांना आणि आतून वॉर्निशचा हात द्यावा. मेटकाफसारखे छापील किट घेतले तर पुठ्ठ्याची पांढरी कड जोडण्याआधी जुळत्या रंगाच्या पेनने रंगवून घ्यावी. एवढ्याने किटचा 'छापील'पणा निम्मा जातो.

विटांच्या भिंतीचा रंग हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. एचओमध्ये विटेचा एक थर जेमतेम पाऊण-एक मिमीचा असतो आणि त्यामधल्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, केसाएवढ्या. आधी सगळ्या भिंतीला मॅट विटकरी रंग, तो पूर्ण सुकला की चार-सहा विटा इथेतिथे थोड्या गडद, थोड्या पिवळट. मग फिकट करडा ॲक्रिलिक पाण्यात दुधाइतका पातळ करून भिंत आडवी ठेवून त्यावर सोडायचा. तो दर्जांमध्ये उतरतो. अर्धवट सुकत आला की ओलसर कापड बोटाला ताणून फक्त विटांच्या माथ्यावरून पुसायचे, खाली दाबायचे नाही. भिंत उभी ठेवून हे केले तर सगळा रंग तळाशी ओघळतो. व्हायेहोचे पाण्यात मिसळणारे रंग या कामाला मला जास्त बरे वाटले, कारण पुसायला वेळ मिळतो.

जुनेपणाची छटा देताना एक सावधगिरी: मॅट लॅकर मारलेल्या भिंतीवर अल्कोहोलची शाई दिली की पांढरट बुरशीसारखा थर येतो. काहीजण लाकूड करडे करायला हे मुद्दाम करतात. विटांवर ते नको असते. क्रम असा ठेवावा: शाई, मग धूळ-काजळीची छटा देणारी रंगीत पावडर, मग सगळ्यात शेवटी मॅट लॅकर, तोही हलका, कारण जाड फवाऱ्यात पावडर जवळपास नाहीशी होते. एअरब्रश असेल तर उत्तम. नसला तर रुंद मऊ कुंचल्याने पातळ दोन-तीन हात पुरतात. निव्वळ इमारतींसाठी एअरब्रश घ्यायची गरज मला वाटली नाही.

सुपरग्लू धातूच्या आणि रेझिनच्या बारीक भागांपुरताच ठेवला आहे. त्याचा सांधा धक्क्याला ठिसूळ असतो, आणि त्याच्या वाफेने पारदर्शक तावदान पांढरे पडते. तावदानांना फक्त पांढरा गोंद, तोही कडेला.

लेआउटवर बसवण्याआधी एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचे धातूचे मापक रुळांवर उभे करून पाहावे. ही संस्था १९३५ पासून मॉडेल रेल्वेची मानके ठरवत आली आहे आणि हे छोटे पत्र्याचे मापक रुळांमधले अंतर, चाके आणि गाडीला दोन्ही बाजूंना किती मोकळी जागा हवी हे सगळे तपासते. सरळ रुळांवर एवढे पुरते. फलाट किंवा शेड वळणावर असेल तर ताफ्यातला सगळ्यात लांब डबा हाताने ढकलत न्यावा: डब्याचा मध्य वळणाच्या आत झुकतो आणि टोके बाहेर जातात, त्यामुळे सरळ मार्गावर सहज जाणारा डबा फलाटाच्या कडेला घासू शकतो. ही परीक्षा इमारत चिकटवण्याआधी करावी, आणि शेडच्या दारातून इंजिन धुराड्यासकट जाते का तेही तेव्हाच पाहावे.

दिव्यांसाठी छप्पर सुटे ठेवा. आतून भिंतींना आधी काळा हात द्यावा, नाहीतर दिवा लावला की पांढरे स्टायरिन कंदिलासारखे उजळते. काळ्यावर पुन्हा पांढरा दिला की उजेड आत नीट पसरतो. पिवळसर पांढरा एलईडी, १२ व्होल्टवर एक किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत, म्हणजे सुमारे ९ मिलिअँपिअर. खोलीत तेवढा प्रकाश पुरेसा होतो. स्टेशनला तोही जास्त वाटला म्हणून तिथे २.२ किलोओहम लावला. छताच्या आतल्या कडेला पट्टीची चौकट चिकटवली की छप्पर भिंतींच्या आत अडकून बसते, गोंद लागत नाही, आणि एलईडी गेला तर इमारत न तोडता बदलता येतो.