दोन शाळांच्या एकत्रित चित्रासाठी कॅनव्हास रोल: घ्यावा का?

जरूर घ्यावा, पण प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) लावलेला सुती रोलच. ओला झाला तरी फाटत नाही आणि अर्धं चित्र गुंडाळून दुसऱ्या शाळेत सहज नेता येतं. रंग ॲक्रिलिकच हवेत. पोस्टर कलरचा जाड थर गुंडाळताना तडकून पडतो. ॲक्रिलिकसुद्धा वरून कोरडा लागला तरी दिवसभर थांबा, मधे बटर पेपर घाला आणि रंगवलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. नाहीतर थर चिकटतात, उलगडताना रंग निघतो. दोन्हीकडे एकाच कंपनीच्या, एकाच क्रमांकाच्या छटा घ्या, नाहीतर आकाश मधोमध बदलतं! मधला हातभर पट्टा मात्र कोरा ठेवा. तो दोन्ही गटांनी शेजारी बसून रंगवायचा, मुलं एकमेकांशी खरी बोलू लागतात ती तिथेच. उणीव एकच: कापलेल्या कडेचे धागे सुटतात. कड दुमडून शिवून घ्या.