शाफ्ट वाकवून दाखवणाऱ्यापासून सावध

पूल, म्हणजे टेबलावर काठीने (क्यूने) बॉल मारून खिशात पाडायचा खेळ, खेळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ऐन पावसाळ्यात आमच्या कुडाळकडच्या पार्लरमध्ये एक माणूस खांद्याला लांब बॅग अडकवून आला आणि ‘लो डिफ्लेक्शन’ (पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, नेमाच्या रेषेतून कमी सुटू देणारे) म्हणून माझ्यासह काहीजणांना साधे लाकडी शाफ्ट, म्हणजे क्यूचे पुढचे निमुळते भाग, विकून गेला. एकाचे साडेनऊ हजार रुपये. पैसे आता येत नाहीत, ते सोडा. पण त्याची माल दाखवण्याची रीत इतकी पटणारी आहे की ती दुसऱ्या गावातही सहज चालेल.

आधी तो तुमचाच क्यू मागून घेतो. बट, म्हणजे मागचा जाड भाग, सोडवून शाफ्टची टिप (टोकावरची चामड्याची चकती) स्वतःच्या बुटावर टेकवतो आणि मधोमध तळव्याने दाबतो. तुमचा शाफ्ट जेमतेम हलतो. मग तसाच त्याचा टेकवतो. तो सुरेख बाक घेतो आणि हात काढला की सरळ. “बघा भाऊ, कडक शाफ्ट पांढऱ्याला लाइनीबाहेर ढकलतो. हा स्वतः वाकतो, बॉलला वाकडा जाऊ देत नाही.” पुढे टेबलावर गरागरा फिरवून दाखवतो. शाफ्ट सरळ असतो, त्यात खोट नाही. शिक्का का नाही विचारलं तर उत्तर तयार: “कंपनीसाठी जिथे बनतो तिथलाच माल. नाव टाकलं की ड्युटी लागते.” परदेशात असा चांगला शाफ्ट दोन-तीनशे डॉलरना पडतो हे खेळणाऱ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे साडेनऊ हजार फार स्वस्तही वाटत नाहीत आणि महागही नाहीत. आकडा विचार करून ठरवलेला आहे.

त्याचं बोलणं पटतं, कारण ते अर्धं खरं आहे. उजवी साइड मारली, म्हणजे बॉलच्या मध्याच्या उजवीकडे फटका दिला, की पांढरा थोडा डावीकडे सुटतो, हे साइड मारणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. बॉल फिरता फिरता टिपेला उजवीकडे ढकलतो आणि टिप त्याला डावीकडे रेटते. टिप जितकी सहज बाजूला होईल तितकं हे सुटणं कमी. पण सहज बाजूला होणं म्हणजे सगळा शाफ्ट लवचिक असणं नव्हे. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरते. तेवढ्या वेळात तो आडवा धक्का शाफ्टमध्ये टिपेपासून फार तर पाच-आठ इंच आत पोचतो. मधला भाग कडक आहे की नरम, हे बॉल निघून गेल्यावर कळणार! म्हणून खरा हिशेब त्या पुढच्या काही इंचांच्या वजनाचा. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलेले प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोर यांनी शाफ्टवर वेगवेगळ्या जागी जादा वजन लावून हेच तपासलं. टिपेजवळ वजन वाढवलं की डिफ्लेक्शन वाढलं, मागे सरकवत नेलं तसा फरक उरला नाही.

१९९० च्या दशकात प्रीडेटर कंपनीने ३१४ हा शाफ्ट आणला तोही याच तत्त्वावर: पुढचं टोक आतून पोकळ, फेरूल (टिपेखालची छोटी नळी) हलकी. हल्लीचे कार्बन फायबरचे शाफ्ट हाताने वाकवून पाहा, बऱ्यापैकी कडक लागतात, तरी त्यांचं डिफ्लेक्शन कमी असतं. विक्रेत्याचं म्हणणं खरं असतं तर त्यांचा खप कधीच बंद पडला असता.

लवचिकपणा आणायला तर काहीच लागत नाही. लाकूड तेच असेल तर कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. तेरा मिलिमीटरची जागा बारा केली की तिथला कडकपणा पाव हिश्शाहून थोडा जास्तच घटतो. म्हणजे लेथवर मधला भाग जरा जास्त घासला की शाफ्ट बुटावर छान वाकणार. लवचिक शाफ्ट वाईट असं मी म्हणत नाही. फटका हाताला कसा लागतो ही ज्याची त्याची आवड. पण त्या लागण्यावरून पांढरा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आता टेबलावरचं प्रात्यक्षिक. यात त्याची खरी हुशारी. त्याने लांबचा बॉल लावला, भरपूर साइड घेतली आणि हलक्या हाताने, बट जरा उंच ठेवून मारला. पांढरा बरोबर जाऊन लागला. सगळे वा वा. पण बट उंच असला की साइड घेतलेला बॉल पुढे जाता जाता साइडच्याच दिशेला वळतो. म्हणजे आधी डावीकडे सुटलेला पांढरा वाटेत उजवीकडे परत येतो. फटका जितका हळू, तितकं हे वळण लवकर. त्यात जुलैतलं कोकण. आमच्या पार्लरच्या खिडक्या उघड्या, बाहेर धो धो पाऊस, कापड असं दमट की चॉकचा डाग पुसला जात नाही. दमट कापड बॉलला जास्त धरतं आणि वळण आणखी लवकर येतं. स्नूकरच्या मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या पाटीखाली हीटर लावतात ते उगाच नाही. त्या दिवशी त्या कापडावर, त्या वेगाने, पार्लरचा फुकटचा क्यूसुद्धा बरोबर गेला असता.

हाच फटका बट शक्य तितका आडवा ठेवून जोरात मारायला सांगितला असता तर तिथल्या तिथे उघडा पडला असता. सुटण्याचा कोन दोन अंशांचा धरा: सहा फुटांवर अडीच इंच, म्हणजे आख्ख्या बॉलच्या रुंदीपेक्षा जास्त. दोन्ही शाफ्टनी तोच फटका, तेवढीच साइड, तेवढाच जोर. नेम मात्र मुद्दाम भरपाई न करता सरळ धरायचा, आणि फटका विक्रेत्याने नाही, आपण मारायचा. सवयीचा हात नकळत भरपाई करतो, म्हणून दहा-पंधरा वेळा मारून पाहावं.

घेतल्यावर महिनाभर माझी साइड पूर्वीसारखीच सुटत होती, किंबहुना थोडी जास्त. शेवटी शाफ्ट घेऊन सावंतवाडीला चितारआळीत गेलो. लाकडी खेळणी करणारी माणसं लेथवर आयुष्य काढतात, त्यांना लाकूड बोटांनी कळतं. ओळखीच्या काकांनी शाफ्ट उलटा धरून मागचं तोंड पाहिलं. चांगले शाफ्ट बरेचदा मेपलच्या लाकडाच्या पाचरी गोलाकार चिकटवून करतात, त्या जोडांच्या रेषा तोंडावर दिसतात. इथे अंगावर रेषा होत्या, तोंडावर एकही नाही. काकांनी पटाशीची धार हलकेच फिरवली, रेषा निघून आल्या. शाईच्या होत्या.

“ह्या मेपल म्हणान कोणी दिल्यान तुका?”

मग फेरूल उतरवली. वरून पांढरं प्लॅस्टिक, आत पितळेची नळी आणि तिच्यात भरीव लाकूड, पोकळी वगैरे काही नाही. म्हणजे जिथे वजन काढायला हवं तिथेच ते घातलेलं. माझा जुना शाफ्ट याहून बरा होता. (कोणी म्हणेल, स्नूकरच्या क्यूलाही पितळी फेरूल असते. असते, पण तिथे टिपच साडेनऊ-दहा मिलिमीटरची आणि पुढचं टोक तसंच बारीक, इथे तेरा.)

तक्रारीचं फारसं काही झालं नाही. बिल नव्हतं, पैसे क्यूआर कोडवर कुणा भलत्याच माणसाच्या नावाने गेले आणि त्याचा मोबाइल नंबर बंद आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आहे. तिथे पहिला प्रश्न बिलाचाच आला. मालवण, वेंगुर्ला, कणकवलीकडे कुणी असाच बिनशिक्क्याचा शाफ्ट घेतला असेल तर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपा आणि शाफ्ट घासू किंवा रंगवू नका. शाईच्या रेषा हाच आपल्याकडचा पुरावा आहे, आणि एका अर्जापेक्षा चार अर्ज बरे.