वजन उतरवायचं की चरबी? चालणं आणि वजनं उचलणं, समोरासमोर

ठाण्यात रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारायच्या, की घोडबंदर रोडवरच्या एखाद्या जिमचं वर्षाचं पॅकेज घ्यायचं? पैसे भरण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: कमी काय करायचंय, काट्यावरचा आकडा की पोटातली चरबी? या दोन्हींचे रस्ते काही अंतर बरोबर जातात आणि मग फुटतात.

‘स्नायू चरबीपेक्षा जड असतात’ हे जिममध्ये हमखास ऐकू येतं. पण किलो म्हणजे किलोच. फरक आहे तो जागेचा. 1 किलो चरबी साधारण 1.1 लिटर जागा घेते, 1 किलो स्नायू 0.95 लिटरच्या आसपास. म्हणूनच वजन तेवढंच राहूनही पँट सैल होते. त्याहून महत्त्वाचा फरक कामाचा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून साठवण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू कमी असले किंवा बसून राहिले, की साखरेचं गोदामच लहान होतं. यकृतात आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी तर इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. मांड्या-नितंबांवरची चरबी दिसायला खुपते, पण एवढी त्रासदायक नसते.

आपल्याकडे हे जास्त लागू पडतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची बीएमआयची रेघ 25 ऐवजी 23 वर धरतात. 1.65 मीटर उंचीला ती 63 किलोच्या जरा अलीकडेच येते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशा माणसाला मात्र या रेघेच्या आत असूनही निर्धास्त राहता येत नाही.

एकाच माणसाचे दोन रस्ते

समजा वजन 78 किलो आणि चरबी 28 टक्के, म्हणजे सुमारे 21.8 किलो. उरलेले 56.2 किलो म्हणजे स्नायू, हाडं, पाणी, अवयव.

पहिला रस्ता: जेवण निम्म्यावर आणि नुसतं चालणं. 8 किलो उतरले. स्नायूंना काम न देता वजन उतरवलं, तर त्यातला चौथा हिस्सा चरबीबाहेरचा जाणं नेहमीचं. म्हणजे 6 किलो चरबी गेली आणि 2 किलो बाकीचं. काटा 70.

दुसरा रस्ता: जेवणात बेताची कपात, आठवड्यातून दोनतीनदा वजनं, पुरेशी प्रथिनं. चरबी तेवढीच, 6 किलो गेली; बाकीचं टिकलं. काटा 72.

चरबी दोघांकडे 15.8 किलोच उरली. सोसायटीच्या गेटवर शाबासकी मात्र 70 वाल्याला. पुढे गणपती-दिवाळीत हात सैल सुटला की चढणारं वजन बहुतांशी चरबीचंच असतं, गेलेले स्नायू आपणहून परत येत नाहीत. असं तीनचारदा झालं की काटा जुन्याच जागी, पण आतला माणूस आधीपेक्षा मऊ. तिशीनंतर दर दहा वर्षांनी 3 ते 8 टक्के स्नायू तसेही घटतात, साठीनंतर जास्त वेगाने. त्यात ही भर.

स्नायू वाढले की झोपेतही भरपूर कॅलरी जळतात, हे जाहिरातीतलं गणित मात्र फुगवलेलं आहे. 1 किलो स्नायू आराम करताना दिवसाला जेमतेम 13 कॅलरी घेतो, चरबी साडेचार. 2 किलो स्नायू कमावले तरी हिशोब चतकोर पोळीचा. स्नायू हवेत ते साखरेसाठी, गुडघ्यांसाठी, सत्तरीत खुर्चीतून हात न टेकता उठता यावं यासाठी.

चालणं कुठे कमी पडतं

चालणं फुकट आहे, रक्तदाबाला, साखरेला, झोपेला चांगलं आहे आणि दुखापतीची भीती कमी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. तलावपाळीवर गप्पा मारत केलेली फेरी यात बसत नाही. 75 किलोच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालून साधारण 150 कॅलरी जळतात. परतीच्या वाटेवरच्या एका वडापावात तेवढ्या येऊन वर उरतात.

चालण्याने स्नायू वाढत नाहीत. पायांना थोडं काम मिळतं. दंड, पाठ, खांदे रिकामेच. म्हणून तीच संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम वेगळा सांगते, आणि नेमका तोच भाग सगळे सोडून देतात.

वजनं उचलण्यात काय चुकतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वजन न वाढवणं. 1 किलोची गुलाबी डंबेल्स सहा महिने तशीच हलवली तर दुसऱ्या महिन्यापासून स्नायूंना बदलायचं कारणच राहत नाही. प्रत्येक सेटमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या एका खेपेत, 8 ते 12 वेळा असं वजन घ्यावं, की संपवताना आणखी दोनतीनच जमले असते. सगळ्या सेटमध्ये 12 सहज जमू लागले की वजन थोडं वाढवायचं.

जिमशिवायही हे होतं. खुर्चीत बसून हात न टेकता उठणं. ओट्याला हात टेकून जोर. सॅकमध्ये 5 लिटर पाण्याचा कॅन घालून, कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून ती पोटाकडे ओढणं. 10 किलोची तांदळाची पिशवी जमिनीवरून नितंबांच्या जोरावर उचलणं. पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली. प्रत्येकी दोनतीन सेट, मध्ये दीड मिनिट आराम, एकूण 40 मिनिटं. जोर लावताना श्वास सोडायचा. रोखून धरला की रक्तदाब एकदम चढतो.

पहिल्या महिन्यात काटा किलोभर वर जाऊ शकतो. ती चरबी नव्हे. ताणलेल्या स्नायूंत पाणी येतं, आणि त्यांत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साखरेचा साठा) साधारण 3 ग्रॅम पाणी राहतं. भात-पोळी बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात दीडदोन किलो ‘उतरतं’ ते याच्याच उलट. वर्षाचे पैसे भरून जिम सोडणाऱ्यांत या फसव्या महिन्याला कंटाळलेले बरेच असतात.

मोजायचं कशाने

साधी शिवणकामाची टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची, दोन्हींच्या मधोमध खूण करायची. टेप तिथे सगळीकडून आडवी, कातडीला लागून, पण न आवळता. सहज श्वास सोडल्यावर आकडा बघायचा. पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे, कारण पँट पोटाखाली सरकवून घातलेली असते. पुरुषांना 90 सेंमी आणि बायकांना 80 सेंमीच्या वर धोका. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, हा सोपा ताळा.

चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे एका पायातून दुसऱ्या पायात बारीक वीजप्रवाह सोडतात. तो पोटाकडे फारसा फिरकतच नाही. पोटातल्या चरबीचा आकडा वय, उंची, वजन घालून सूत्राने काढलेला असतो. पाणी कमी पडलं, नुकताच घाम गाळला, जेवण झालं, की टक्केवारी हलते. हातांनाही पट्ट्या असलेलं जिमचं मशीन बरं, पण तेही अंदाजच देतं. सकाळी, शौचानंतर, काही न खाता, त्याच मशीनवर, महिन्यातून एकदा मोजून कल तेवढा बघावा. ‘शरीराचं वय’ वगैरे सोडून द्यावं. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर यावर उभं राहू नये.

डेक्सा म्हणजे सौम्य क्ष-किरणांचा स्कॅन, तो या सगळ्यांत नेमका. मात्र अपॉइंटमेंट घेतानाच ‘पूर्ण शरीराचं बॉडी कॉम्पोझिशन’ असं स्पष्ट विचारावं. हाडांसाठी खुबा आणि मणक्याचा डेक्सा झाला तर त्यात शरीरभराच्या चरबीचा हिशोब नसतो.

घरात वडीलधारी मंडळी असतील तर घड्याळ लावून बघावं: हात छातीवर, खुर्चीतून पाच वेळा उठ-बस. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायांत ताकद कमी आहे. त्यांच्यासाठी वजन उतरवण्याआधी ताकद.

ताटात

वजनं उचलत चरबी उतरवायची तर प्रथिनं वजनाच्या किलोमागे 1.2 ग्रॅम तरी हवीत. 70 किलोला 84 ग्रॅम. वाटीभर वरणात पाचसहा, अंड्यात 6, 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18, तेवढ्याच बांगड्यात 19-20, 30 ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत 15. वरण-भात-भाजीच्या ताटात हे आपोआप जमत नाही, दोन्ही जेवणांत एकेक जास्तीची वस्तू ठेवावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. साखरेसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने साखर घसरू शकते, त्यामुळे डोसचंही विचारून घ्यावं.

कुणी काय निवडावं

घेर जास्त, दम लवकर लागतो, व्यायामाची सवयच नाही: दोन महिने चालणं, सोबत आठवड्यातून दोनदा घरची उठ-बस. बीएमआय 23 च्या आत पण पोट पुढे: जेवण निम्म्यावर आणू नये, थेट वजनांकडे जावं. गुडघे दुखतात: खुर्चीखाली उशी ठेवून उंची वाढवून सुरुवात, उंची हळूहळू कमी.

जिमच घ्यायची तर आधी एक महिन्याचे पैसे भरावेत, आणि ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला जाऊन बघावं. लोकलमधून उतरून संध्याकाळी साडेसातला पोचल्यावर ट्रेडमिल रिकामी मिळते की नाही, हे दुय्यम. बारबेलच्या स्टँडजवळ पाच जण रांगेत असतील, तर पुढचं पॅकेज घरातल्या तांदळाच्या पिशवीपेक्षा महागच पडेल.