घरी बांधायची शर्यतीची होडी: पडल डक की मिरर?

घरच्या घरी बांधता येतील अशा शिडाच्या छोट्या शर्यती होड्यांत निवड बहुतेकदा या दोघींवर येऊन थांबते. ऑप्टिमिस्ट मुद्दामच बाजूला ठेवली आहे. क्लार्क मिल्स यांनी ती 1947 मध्ये फ्लोरिडात साध्या प्लायवूडमधून मुलांसाठी आखली, पण आज तिची मोजमापं इतकी काटेकोर आहेत की जुनी फायबरची घेतलेली परवडते.

पडल डक म्हणजे 8 बाय 4 फुटांची, दोन्ही टोकांना बोथट पेटी. डेव्हिड राउथ या अमेरिकन माणसाने नियम मोजकेच ठेवले: तळापासून 10 इंचांपर्यंतचा आकार सगळ्यांचा सारखा, तोही इंचभर सवलतीने. शीड, डोलकाठी, सुकाणू तुमच्या मर्जीने. 6 मिमी प्लायच्या तीन शीट, कडांना आतून लाकडी पट्ट्या, गोंद आणि स्क्रू. जिगसॉ धरता येत असेल तर काही शनिवार-रविवारांत होडी उभी राहते.

मिररचं प्रकरण वेगळं. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची ही 3.3 मीटरची, दोघांनी चालवायची होडी 1963 मध्ये ब्रिटनमध्ये आली. नाव डेली मिरर या वृत्तपत्रावरून, लाल शीडही त्याचंच. 5 मिमी प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, मग आतून सांधे एपॉक्सीने (हार्डनर घालून कालवला की घट्ट होणारा राळेसारखा गोंद) भरून काचेच्या धाग्यांची पट्टी चिकटवायची. भोकं कडेपासून सेंटिमीटरभर आत, दर 15 सेंमीला. तारा आधी सैलच पिळा. पुढच्या आणि मागच्या फळीवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून पाहा. दोन्ही समांतर दिसत नसतील तर होडीला पीळ बसला आहे. तो इथेच काढायचा. एपॉक्सी धरल्यावर काही करता येत नाही आणि पिळलेली होडी दोन्ही बाजूंना सारखी चालत नाही. डकच्या नियमांत थोडी चूक खपते, मिररला शर्यतीसाठी लागणाऱ्या मोजमापाच्या प्रमाणपत्रात नाही.

वजनाचा मुद्दा आपल्याकडे जास्त बोचतो. आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय जड लाकडाचा असतो, 6 मिमीची शीट सुमारे 12-13 किलो भरते, ओकुमे या हलक्या आफ्रिकी लाकडाची 8-9. मिररच्या हलचं, म्हणजे नुसत्या होडीच्या अंगाचं, किमान वजन 45.5 किलो, तेव्हा दुकानातला जड प्लाय वापरलात की शर्यत किनाऱ्यावरच हरलात. ओकुमे मागवणं जमत नसेल तर मिररचा नाद सोडावा. डकला दुकानातला जड प्लायही चालतो.

एपॉक्सीचे त्रास मात्र दोघींना सारखेच. तिशीच्या वर पारा असताना डब्यात ठेवलेलं मिश्रण पंधरा-वीस मिनिटांत तापून गोठतं. एका वेळी 150-200 ग्रॅमच कालवा, पसरट ट्रेमध्ये ओता, स्लो हार्डनर घ्या. सांध्याचं मिश्रण लाकडाचा भुसा घालून चक्क्याइतकं घट्ट करा, पातळ राहिलं तर उभ्या सांध्यातून ओघळतं. पावसाळ्यात वाळलेल्या थरावर मेणचट साय येते. आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पॉलिशपेपर. उलट केलंत तर ती साय आत घासली जाते आणि पुढचा थर सुटतो. कोऱ्या लाकडावर पहिला हात संध्याकाळी, हवा गार होत असताना द्यावा. सकाळी लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगते आणि थरात बुडबुडे धरतात.

पाण्यावर डक तलावात मजेत चालते, लाटा उठल्या की बोथट नाकाने आपटत राहते. मिरर खाडीतही तग धरते, आणि तिची गंटर पद्धतीची (वर दुसरी काठी चढवून उंची वाढवायची) डोलकाठी आखूड असल्याने सगळी लाकडं होडीतच मावतात. शीड मात्र शिडं शिवणाऱ्याकडूनच घ्यावं लागतं. डकचं शीड ताडपत्रीतून, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने घरी होतं. ताडपत्री ताणते, दर हंगामाला नवी कापा.

जवळपास मिररवाले असतील आणि जोडीदार पक्का असेल तरच मिरर बांधा. नसतील तर शेजाऱ्याला पटवून एकदम दोन डक कापा: दोन शीट एकावर एक क्लॅम्प करून एकाच फेरीत, म्हणजे दोन्ही होड्यांच्या बाजू तंतोतंत जुळतात.